खोडातला भुसा, वाशातले पीठ

प्रश्न : आमचे घर राजापूर तालुक्यातील एका वाडीत आहे. आम्ही ठाण्याला असतो आणि गावी सासूबाई एकट्याच राहतात. अंगणात सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेला साठ-पासष्ट वर्षांचा हापूस आहे. यंदा गणपतीला गेलो तेव्हा त्याच्या बुंध्याशी भुसा पडलेला होता, शेंड्याकडच्या तीन फांद्या पानांसकट वाळल्या होत्या आणि एका बेचक्यात साल गुलाबी दिसत होती. माजघराच्या वाशांतून पांढरी पूड गळते. पडवीच्या चौकटीवर मातीच्या रेघा चढल्या आहेत. परड्यातला फणस दोन वर्षांपूर्वी वाळला. तो पाडून त्याचेच नवे वासे करू, असे सुतारकाका म्हणतात. बांधावरच्या सागाच्या पानांचीही जाळी झाली आहे. एका दुकानातून औषधाची बाटली मिळाली. तिच्यावर काही लिहिलेले नाही, पण 'झाडाला, घराला, सगळ्याला हेच चालते' असे सांगितले. ते वापरावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण त्यात उशीर होऊन चालणार नाही. ती बाटली वापरू नका, तिचे झाकण उघडून वासही घेऊ नका. कीटकनाशकाच्या प्रत्येक वेष्टनावर त्याची विषाची तीव्रता सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण, औषधाचे नाव, प्रमाण आणि विषबाधा झाल्यास करावयाचे उपचार छापलेले असावे लागतात. हे काहीच नसेल, तर दुर्दैवाने काही घडल्यास डॉक्टरांना काय सांगणार? ती बाटली सासूबाईंच्या हाताशी, फळीवर इतर बाटल्यांच्या रांगेत राहू देऊ नका. कुलपात ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवून तिची विल्हेवाट कशी लावायची ते विचारा. विहिरीजवळ किंवा वहाळात ती ओतू नका. आंब्याच्या खोडातील छिद्रात डायक्लोरव्हॉस सोडावे, असा सल्ला जुन्या पुस्तिकांत छापलेला आढळतो आणि तो आजही तोंडोतोंडी सांगितला जातो. त्या औषधावर आपल्या देशात 31 डिसेंबर 2020 पासून पूर्ण बंदी आहे. कोणी धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या छिद्रात घालायला सांगतील, तर तेही ठामपणे नाकारा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून निघणारा वायू घरालगत माणसाचा जीव घेऊ शकतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. आपल्या पत्रात किमान चार वेगवेगळे शत्रू आहेत आणि त्यांच्यातले कोणतेही दोन एकाच औषधाने जाणारे नाहीत. सुदैवाने प्रत्येक जण आपली खूण मागे ठेवतो आणि ती खूण म्हणजे खाली पडलेला कचरा. खोडाशी पडलेला भुसा जाडसर, ओलसर आणि तंतुमय असेल, तर तो जिवंत लाकूड पोखरणाऱ्या अळीचा असतो. वाशाखाली पडलेली पूड चिमटीत चोळल्यावर तांदळाच्या पिठीसारखी मऊ लागली, तर ते घुणाचे काम समजावे. तीच पूड खसखशीसारखी कणीदार असेल आणि भिंगातून कणांना सहा कडा दिसत असतील, तर ती कोरड्या लाकडातच घर करणाऱ्या वाळवीची विष्ठा असते. समुद्रकिनाऱ्याकडच्या घरांत ही वाळवी आढळते. मातीच्या रेघा जमिनीतून येणाऱ्या वाळवीच्या असतात. बुरशीच्या कुजीत मात्र बहुधा काहीच गळत नाही. लाकूड हलके होते, काळपट-तपकिरी पडून चौकोनी खपल्यांनी तडकते, किंवा पांढरट होऊन त्याचे तंतू सुटतात. म्हणून औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी सासूबाईंना एक काम सांगा. प्रत्येक ठिकाणचा चमचाभर कचरा वेगवेगळ्या पुडीत बांधून, त्यावर जागेचे नाव लिहून ठेवायचे. आपल्या पत्रातील वर्णनावरून मी पुढे उत्तर देत आहे, पण त्या पुड्या पाहून आपणच त्याची खात्री करून घ्यावी.

हापूसच्या खोडातील अळी म्हणजे आपल्याकडे जिला भिरूड म्हणतात ती. लांब शिंगांच्या एका मोठ्या भुंगेऱ्याची, बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटाची, ही अळी असते. हा भुंगेरा चार-पाच सेंटिमीटर लांब, राखाडी रंगाचा असतो आणि मानेमागे त्याच्या पाठीवर दोन नारिंगी-गुलाबी ठिपके असतात. पावसाळा सुरू झाला की तो बाहेर पडतो, रात्री फिरतो, दिव्यावरही येतो. मादी सालीला चीर पाडून किंवा सालीच्या भेगेत एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली बिनपायांची, पिवळट पांढरी अळी आधी सालीखाली आडवीतिडवी पोखरते आणि मग लाकडात शिरते. पूर्ण वाढलेली अळी माणसाच्या बोटाएवढी होते. साधारण वर्षभराने तिचा भुंगेरा होतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच चक्र सुरू होते. झाडाचा घात मुख्यत: सालीखालच्या पोखरणीने होतो. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा थर तिथेच असतो आणि तो चहूबाजूंनी कापला गेला, तर कितीही मोठे झाड उभ्याउभ्या मरते.

आत्ता, म्हणजे पावसाळा सरून मोहोर येण्यापूर्वी, अळ्या खोडात आहेत आणि भुसा कोरडा राहत असल्याने छिद्रे शोधणे सोपे आहे. पहाटे किंवा रात्री वारा पडलेला असताना खोडाला कान लावून पाहा. मोठी अळी लाकूड कुरतडत असल्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. बुंध्याशी पडलेला सगळा भुसा झाडून घ्या, दुसऱ्या दिवशी नवा भुसा नेमका कुठे पडला ते पाहा आणि तिथून सरळ वर नजर न्या. काळपट रस ओघळलेला, ओला डाग दिसेल. पत्र्याच्या खरवडणीने किंवा बोथट कोयत्याने तेथील मेलेली साल अलगद काढा. साल जिवंत हिरवी-पांढरी लागली की थांबा. छिद्र मोकळे झाले की सायकलच्या चाकाची जुनी तार घ्या, तिचे टोक गळासारखे किंचित वाकवा आणि छिद्राच्या वळणाने हळूहळू आत सारा. हात घाई करतो, पण येथे घाई उपयोगाची नाही. तार वीतभर आत गेल्यावर पुढे काहीतरी मऊ लागते, तारेला किंचित दाब जाणवतो आणि बाहेर ओढल्यावर टोकाला पांढरा चिकट द्रव लागलेला असतो. तसा द्रव दिसला म्हणजे अळी मेली. कधी अख्खी अळीच गळाला लागून बाहेर येते. हे काम मी स्वत: अनेकदा केले आहे आणि माझे प्रामाणिक मत असे आहे, की अंगणातल्या एखाददुसऱ्या झाडासाठी या तारेइतके खात्रीचे दुसरे साधन नाही.

ज्या छिद्रात तार अळीपर्यंत पोचत नाही, तिथे कापसाचा लहान बोळा पेट्रोलमध्ये भिजवून तारेने आत सारावा आणि तोंड चिकणमातीने घट्ट लिंपावे. हे करताना जवळ विडी, चूल, दिवा काही नको आणि पेट्रोल सालीवर सांडू देऊ नये, कारण त्याने जिवंत साल भाजते. जैविक उपाय हवा असल्यास मेटारायझियम किंवा बिव्हेरिया या मित्रबुरशींचे द्रावण छिद्रात सोडता येते. ही बुरशी झाडाला अपाय करत नाही, अळीला रोग लावते. लिंपलेल्या जागा खडूने खुणा करून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी पाहा. माती फुटून पुन्हा भुसा आला असेल, तर अळी जिवंत आहे, काम पुन्हा करायचे. पुढच्या पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर या काळात दर पंधरवड्याला जमिनीपासून हात पोचेल तिथवर खोड पाहावे. त्या वेळी अळी सालीखालीच असते, लहान असते आणि चाकूच्या टोकाने सहज काढता येते. खोडावरच्या मातीच्या पापुद्र्यांखालची वाळवी मात्र बहुधा मेलेली सालच खात असते. ते पापुद्रे नुसते खरवडून काढले तरी पुरे.

आता वाळलेल्या फांद्या आणि गुलाबी साल. कोकणच्या पावसात आंबा, फणस, काजू यांच्या बेचक्यांत पाणी आणि पालापाचोळा साचतो आणि तिथे एक बुरशी प्रथम कोळिष्टकासारखे रेशमी पांढरे धागे पसरते. पुढे त्याचाच गुलाबी थर होतो. त्या जागेच्या वरची फांदी एकाएकी सुकते आणि पाने न गळता लोंबत राहतात. आपण लिहिले आहे तसेच. याशिवाय शेंड्याकडून खाली वाळत येणारी फांदीमर ही आणखी एका बुरशीची करणी असते आणि तिला जखमा, पाण्याचा ताण, भिरुडाची पोखरण या सगळ्यांची मदत होते. कीड आणि बुरशी अशी एकमेकींच्या हातात हात घालून येतात, हे विसरू नये. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे पाडणारे बारीक भुंगेरे तर बुरशीचे बीज अंगावर घेऊनच खोडात शिरतात. ओमान आणि पाकिस्तानात आंब्याची झाडे एकाएकी वाळवणाऱ्या रोगात असा एक सालभुंगेरा आणि एक बुरशी यांची जोडीच सापडली होती.

वाळलेली फांदी तोडताना वाळलेल्या भागाच्या खाली चार बोटे जिवंत लाकडापर्यंत जावे आणि कापलेल्या तोंडावर तपकिरी डाग दिसला, तर आणखी खाली जावे. फांदी मुळापासूनच काढायची असेल, तर ती खोडाला जिथे मिळते तिथे सालीची एक फुगीर कडी असते, ती राखून तिच्या बाहेरून कापावे. अमेरिकी वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून दाखवून दिले, की झाड जखम भरून काढत नाही, तर कुजलेल्या भागाभोवती भिंती घालून तो कोंडून टाकते आणि त्या फुगीर कडीतच या भिंतीचे सामर्थ्य असते. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप द्या, मग वरून कापा, नाहीतर ती पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. तोडलेल्या फांद्या झाडाखाली पडू देऊ नका, जाळून टाका.

कापलेल्या तोंडांवर आणि भिरुडाच्या साफ केलेल्या जागांवर बोर्डो मलम लावावे. एका झाडासाठी 200 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 200 ग्रॅम कळीचा चुना आणि 2 लिटर पाणी पुरते. प्लॅस्टिकच्या एका बादलीत लिटरभर पाण्यात मोरचूद रात्रभर विरघळू द्या, दुसऱ्या बादलीत चुना विरवून, तो थंड झाल्यावर गाळून लिटरभर करा. मग दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत लाकडी काठीने ढवळा. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे चालत नाही. तयार झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. मलम त्याच दिवशी संपवावे, उरलेले दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होते. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात वाटेकडेच्या द्राक्षवेलींवर, फळे कोणी तोडू नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्याच वेली केवडा या बुरशीजन्य रोगातून वाचल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांच्या ध्यानात आले आणि 1885 मध्ये त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडले. सुपारीची फळे कुजवणाऱ्या कोळेरोगावर आपल्या बागायतदारांचा तोच आधार आहे. परदेशातील वृक्षतज्ज्ञ आता जखमेवर काहीही लावू नये असे सांगतात आणि डांबर किंवा तैलरंगाबाबत ते खरेही आहे, कारण त्यांच्याखाली ओल कोंडते. पण तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आपल्या बागांत ताज्या कापावर बोर्डो मलम लावणे मी सोडणार नाही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला कमरेएवढ्या उंचीपर्यंत तेच मलम लावत जावे. खोडात पोकळी असेल, तर ती सिमेंटने भरू नका. आतील कूज तशीच चालू राहते, फक्त ती दिसेनाशी होते.

एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही. हे झाड फळांसाठी कोणाला कराराने दिलेले आहे का आणि त्याला दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारे, ज्याला सगळे कल्टार म्हणतात ते, घातले जाते का? योग्य मात्रेत आणि भरपूर शेणखतासह ते चालते, पण म्हाताऱ्या झाडाला वर्षानुवर्षे नुसते कल्टार आणि खत नाही, असे झाले की झाड खंगते आणि खंगलेले झाड भिरुडाला आधी सापडते. अंगणाला लादी किंवा काँक्रीट घातले असेल, तर बुंध्याभोवतीची निदान चार-पाच हात जागा मोकळी करून घ्या. दोन वर्षे त्याला फळाचा आग्रह न धरता शेणखत, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि उन्हाळ्यात थोडे पाणी द्या. अळ्या काढल्यानंतर झाड तगणार की नाही, हे पुष्कळदा यावरच ठरते.

सागाच्या पानांची काळजी करू नका. पावसाळ्याच्या अखेरीस एक लहान अळी पानाचा हिरवा भाग खाऊन शिरांची जाळी तेवढी ठेवते. तोपर्यंत झाडाची वर्षाची वाढ बहुतेक झालेली असते आणि पाने थोड्याच दिवसांत गळायचीच असतात. फवारणीची गरज नाही.

घरात येऊ. माजघराच्या वाशांतून पिठासारखी पूड पडते म्हणजे घुण आहे, आणि घुणाबाबतची सर्वांत दिलासा देणारी गोष्ट अशी, की त्याला लाकडाच्या बाहेरच्या कोवळ्या, फिकट थरातील पिष्ट हवे असते. साग, फणस, किंजळ, ऐन यांच्या पक्व गाभ्याला तो सहसा तोंड लावत नाही. म्हणून वासा बाहेरून चाळणीसारखा दिसत असला तरी आतून शाबूत असू शकतो. दाभण घेऊन छिद्रांच्या जागी टोचून पाहा. अर्ध्या इंचावर दाभण अडले, तर वासा राखता येतो. आरपार गेले, तर तो बदलण्याला पर्याय नाही. पूड जुनीच गळते आहे की किडा अजून आत आहे, हे कळण्यासाठी वासे झाडून घ्या, खाली काळा कागद अंथरा आणि तीन आठवडे तसाच राहू द्या. छिद्रांच्या कडा पिवळसर, ताज्या दिसल्या आणि कागदावर पुन्हा ढिगुल्या जमल्या, तरच औषधाला हात घाला.

औषध म्हणून माझी पसंती बोरॅक्स आणि बोरिक आम्लाला आहे. लिटरभर गरम पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक आम्ल पूर्ण विरघळवून, उघड्या, रंग नसलेल्या लाकडाला ब्रशने भरपूर पाजावे. पहिला हात सुकला की दुसरा, मग तिसरा. वास नाही, डाग नाही आणि माणसाला त्याचा त्रास इतर कीटकनाशकांपेक्षा कमी, तरी पोटात जाऊ नये म्हणून हातमोजे घालावेत आणि खालची भांडी, धान्य हलवावे. सुक्या लाकडात ते फार खोल जात नाही, हे मात्र समजून असा. आतील अळ्या लगेच मरणार नाहीत, पण बाहेर येणारे किडे त्या थरातून येताना मरतात आणि नवी अंडी वाढत नाहीत. त्यामुळे दोन-तीन उन्हाळे पूड हळूहळू कमी होत जाईल. तैलरंग देऊन हा प्रश्न सोडवू नका. माझ्या आजोळच्या घरी एका रंगाऱ्याने तसा रंग दिला होता. दुसऱ्याच वर्षी त्या चकचकीत रंगालाच छिद्रे पडली आणि आत औषध जायची वाटही बंद झाली. पाट, पोळपाट, लाटणे यांना घुण लागल्यास औषध अजिबात नको, उकळत्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवावे. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठी जगभर मान्य असलेला नियमही उष्णतेचाच आहे: लाकडाच्या गाभ्याला 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे.

वाशांच्या बाबतीत वर छपरावर एक माणूस चढवून कौले पाहून घ्या. घुणाला पाण्याची फारशी गरज नसते, पण बुरशीला असते. लाकडातील ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली, तर बुरशी त्याला कुजवू शकत नाही, एवढी साधी ही गोष्ट आहे. एक फुटके कौल, त्यातून वाशाच्या एकाच जागी चार महिने पडणारे पाणी आणि वर साचलेला पाला, एवढ्याने शंभर वर्षांचा वासा पाच पावसाळ्यांत कामातून जातो. पूर्वी चुलीच्या धुराने माळा कोरडा राहत असे. गॅस आल्यावर ती ऊब गेली, म्हणून आता हवा खेळती ठेवण्यासाठी एक-दोन काचेची कौले आणि गवाक्षे उघडी असणे अधिक गरजेचे झाले आहे.

पडवीच्या चौकटीवरच्या मातीच्या रेघा जमिनीतील वाळवीच्या आहेत. ती चौकटीत राहत नाही, चौकटीत जेवायला येते. तिचे वारूळ आणि राणी घराबाहेर, कधी दहा-वीस हातांवर असते. म्हणून चौकटीला औषध चोपडले, तर वाळवी दुसऱ्या चौकटीकडे वळते, एवढेच होते. प्रथम एक रेघ मध्येच मोडून पाहा. आठवडाभरात ती पुन्हा सांधली गेली, तर वाळवी सक्रिय आहे. मग भिंतीला टेकवून रचलेली जळाऊ लाकडे, नारळाच्या सोडणांचा ढीग, जुने पत्रे, सगळे भिंतीपासून दूर न्या, मोरीची गळती बंद करा आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर वाहील असे करा. चौकटीचे पाय जमिनीत गाडलेले असतील, तर कुजलेला भाग कापून खाली दगडाचा तुकडा बसवून घ्या. आपल्या जुन्या घरांत प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा असे, तो याचसाठी.

इतके करूनही वाळवी येत राहिली, तर जमिनीचा उपचार करावा लागेल. त्यासाठी परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकच बोलवा आणि काम वाळवी-प्रतिबंधाच्या भारतीय मानक 6313 प्रमाणे होणार का, हे आधी विचारा. त्यात भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर सुमारे एक-एक फुटावर 12 मिलिमीटरची छिद्रे पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त लिटरभर द्रावण मुरवतात, आणि चौकट जिथे भिंतीला मिळते तिथे खालच्या दिशेने तिरपी बारीक छिद्रे पाडून त्यांतही द्रावण सोडतात. नुसता वरवर फवारा मारून पैसे मागणारा माणूस परत पाठवा. आपली विहीर अंगणातच असेल, तर हे त्यांना काम सुरू होण्यापूर्वी दाखवा आणि विहिरीकडच्या बाजूला जमिनीत औषध सोडू देऊ नका. वाळवीने खाल्लेला खांब बदलता येतो, पिण्याची विहीर बदलता येत नाही.

राहिला फणस. सुतारकाकांचे म्हणणे चांगले आहे, कारण फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो. पण दोन गोष्टी आधी करा. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे झाड वाळलेले आणि स्वत:च्या जमिनीतले असले तरी वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात अर्ज करून परवानगी घ्यावी. दुसरे, बुंध्यावर लाकडासारखी कडक, अर्धगोल छत्रे उगवली आहेत का ते पाहा. असतील, तर त्या भागातील गाभा कुजलेला समजावा आणि वासे वरच्या सरळ, कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकल्यावर खणखणीत वाजणाऱ्या भागातूनच काढावेत.

झाड पाडल्यावर ओंडके सालीसकट अंगणात ठेवू नका. सालीखालीच किडे अंडी घालतात आणि कापलेल्या लाकडाच्या वासाने भुंगेरे दूरवरून येतात. मध्य प्रदेशात मंडला भागातील साल वृक्षांच्या वनांत 1990 च्या दशकाच्या अखेरीस ते वृक्ष पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची मोठी साथ आली होती. वनखाते त्यावर ताजे ओंडके ठेचून सापळा म्हणून मांडते आणि जमलेले भुंगेरे वेचून मारते, ते याच वासाच्या बळावर. आपला ओंडका हापूसच्या शेजारी असा सापळा होऊ नये. साल त्याच आठवड्यात सोलून जाळा, सुतारकाकांना फिकट बाहेरचा थर तासून काढायला सांगा आणि वासे चिरून, टोकांना मेण किंवा जुना रंग लावून, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, प्रत्येक थरात पट्ट्या घालून, सावलीत वाऱ्यावर रचा. पुढचा मे येईपर्यंत त्यांना हात लावू नका.

चिरल्यानंतर लगेच, लाकूड ओलसर असतानाच, वर सांगितलेले बोरॅक्सचे द्रावण पाजले तर ते सुक्या लाकडापेक्षा बरेच खोल जाते. ओल त्याला आत वाहून नेते. मग आठ दिवस प्लॅस्टिकखाली झाकून ठेवून नंतर वाळू द्यावे. मात्र बोरॅक्स पाण्याने धुपून जाते. म्हणून ते छपराखालच्या वाशांनाच, पागोळ्यांत भिजणाऱ्या टोकांना नव्हे. त्या टोकांवर काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात देण्याची जुनी रीत चांगली आहे, पण ते तेल कातडीवर पडल्यास फोड आणते, तेव्हा हातमोज्यांशिवाय नको. बाजारात हिरवट रंगाचे प्रक्रिया केलेले लाकूड मिळाले, तर ते बहुधा तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने भिजवलेले असते. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 मध्ये शोधलेली ती कृती जगभर विजेच्या खांबांना वापरली गेली आणि ती फार परिणामकारक आहे, परंतु आर्सेनिकमुळे स्वयंपाकघराजवळ, गोठ्यात किंवा पाण्याच्या टाकीवर ते लाकूड नको आणि त्याचे तुकडे चुलीत तर कधीच नकोत.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात बाटली कुलपात आणि वाशांखाली काळा कागद, मोहोर फुटण्यापूर्वी भिरुडाचे काम आणि फांद्यांची छाटणी, फणसाचा अर्ज त्याच खेपेत. चौकटीची रेघ मोडून ती सांधली जाते का, हे सासूबाईंनाच पाहू द्या. त्यांचे लक्ष आपल्या दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या फेरीपेक्षा जास्त उपयोगी आहे. तीन आठवड्यांनी कागदावर काय पडले आणि खोडाला लिंपलेली किती तोंडे पुन्हा फुटली, हे लिहून पाठवा. त्यावरून वासे बदलायचे की राखायचे, हे नक्की सांगता येईल.